राजा अजून मेला नव्हता

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मिनिटाला किती शब्द?"

"मराठी पस्तीस होते. आता सवय सुटलीय, पंचवीस धरा."

"पंचवीस पुष्कळ झाले. फक्त खाडाखोड करायची नाही. चुकलं तर कागद काढायचा, नवा घालायचा."

मी बरं म्हटलं. अमरावतीला जिल्हा परिषदेत सात वर्षं टायपिंग केलेलं असल्यामुळे, सांगणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का हे बघायची मला सवय नव्हती. मजकूर स्पष्ट ऐकू आला की झालं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावी राहत होतो. नवरा मोटारींच्या कारखान्यात, मुलं शाळेत, आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. सकाळी साडेआठला घर रिकामं व्हायचं ते तीनपर्यंत. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी म्हणालं, अमक्या काकांना मराठी टाइप करणारं माणूस हवंय. मला वाटलं, मंडळाचं पत्रक असेल. म्हणून गेले, आणि पुढे तीन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी जात राहिले.

पत्रक नव्हतं. स्वीडनच्या एका राजाचं चरित्र होतं. बारावा चार्ल्स, पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा. मराठीतून.

काका मूळचे मिरजेचे. कारखान्यात साचे डिझाइन करायचे, त्याच वर्षी रिटायर झाले होते. अंगात घरचा लेंगा आणि वर कारखान्याचं निळं जाकीट. जाकिटाच्या खिशात जाडी मोजायचा कॅलिपर कायम. तो जेवतानाही बाहेर यायचा. काकूंनी वाढलेल्या पोळीला लावून ते "दोन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर" असं जाहीर करायचे. काकू तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत. टाइपरायटर त्यांनी पुण्याहून विमानात मांडीवर ठेवून आणलेला. त्याचं वजन सामानात बसवण्यासाठी काकूंचं पुरणयंत्र विमानतळावर काढून ठेवावं लागलं होतं, हे काकूंनी मला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं.

"मराठीत कशाला, काका? वाचणार कोण?" मी एकदा विचारलं.

"इंग्रजीत लिहिलं तर लोक माझ्या चुका काढतील. मराठीत लिहिलं तर आधी, हा कोण, असं विचारतील. मला ते हवंय."

राजा त्यांना भेटला तो एका कपाटात. कारखान्यानं ट्रेनिंगसाठी त्यांना चार महिने स्वीडनला पाठवलं होतं, तेव्हा एका रविवारी पाऊस लागला म्हणून ते संग्रहालयात शिरले. तिथे काचेमागे राजाचा निळा कोट, चिखलाचे बूट आणि टोपी. टोपीला भोक. पाऊण इंचाचं. काका म्हणाले, "मी दोन तास त्या भोकासमोर उभा होतो. इतकं स्वच्छ भोक मी शीटमेटलमध्येसुद्धा पाडलेलं नाही."

एवढ्यावर माणूस वीस वर्षं एका राजाच्या मागे लागतो का? मला ते तेव्हा कळलं नाही, अजूनही नीट कळलेलं नाही.

राजाची हकिगत मी तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट क्रमानं टाइप केली, म्हणून इथे सरळ सांगते. पंधराव्या वर्षी गादीवर बसला. मुकुट स्वतःच्याच हातानं डोक्यावर ठेवला. लग्न केलं नाही, दारू सोडली. अठरा पुरी व्हायच्या आत लढाईवर म्हणून राजधानीतून बाहेर पडला, तो परत तिथे कधीच गेला नाही. आधी जिंकत गेला, मग रशियात पायाला गोळी लागली आणि सैन्य गेलं. तिथून पळून तुर्कांच्या मुलखात बेंडर नावाच्या गावी आश्रयाला राहिला. पाच वर्षं. राज्य स्वीडनमध्ये, राजा तुर्कांकडे, आणि कारभार पत्रांवर. शेवटी एकदा आपल्या देशात परत आला, पण राजधानीला गेलाच नाही. नॉर्वेत एका किल्ल्याला वेढा घालून बसला असताना खंदकातून डोकं वर काढलं आणि गोळी लागली. वय छत्तीस. गोळी शत्रूची होती की आपल्याच माणसाची, ते आजवर ठरलेलं नाही. ते ठरवायला त्याची कबर चारदा उघडली गेली आहे.

काका हे सगळं फेऱ्या मारत सांगत, आणि राजाला "तो" म्हणत नसत. "आपण" म्हणत. "आपण आता नदी ओलांडली. आपल्याजवळ दाणागोटा नाही." एका शुक्रवारी मी गेले तेव्हा ते खिडकीत उभे होते, वळले नाहीत. म्हणाले, "आपल्याला इथे फार दिवस झाले. मालक आता जा म्हणतायत. आपण जाणार नाही. दारं-खिडक्या बंद करायच्या आणि आत बसायचं."

माझे हात मशीनवर तसेच राहिले. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की काकांना बहुतेक घरातून काढतायत. नवरा भला माणूस. त्यानं लगेच फोन केला, "काका, आमचं बेसमेंट रिकामं आहे, हेझिटेट करू नका." दोन मिनिटं त्याच्या चेहऱ्यावरून काहीच समजेना. मग फोन ठेवून मला म्हणाला, "अगं, घर त्यांचं स्वतःचं आहे. मालक म्हणजे तुर्कस्तानचा सुलतान. आणि काका म्हणाले, बेसमेंटची ऑफर राजाला आवडली असती."

खुळ्यासारखं वाटावं आणि ते खरं निघावं, हे त्या घरात नेहमीचं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पानाला त्यांनी पेननं आणखी दोन चौकोन जोडले होते. एकोणतीस आणि तीस.

"हे काय, काका?"

"त्याच्या राज्यात एका वर्षी फेब्रुवारीला तीस दिवस होते."

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन पाहिलं. होते. नवं कॅलेंडर हळूहळू लागू करायचं ठरवलं, मध्येच लढाई आली, नीट जमेना, म्हणून राजानं जुनंच परत आणायचा हुकूम काढला, आणि मेळ बसवायला एक दिवस जास्तीचा घालावा लागला. मी घरी येताना गाडी चुकीच्या एक्झिटला घेतली. माझं असं होत नाही.

आता काकूंबद्दल. काकूंना परत जायचं होतं. सगळ्यांनाच जायचं असतं, मंडळात दर वर्षी निम्मी माणसं पुढच्या वर्षी परत जाणार असतात. काकूंचं तसं नव्हतं. त्यांची थोरली बहीण मिरजेला एकटी होती आणि तिची नजर जात चालली होती. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा हळूहळू जाणार, कधी ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

"मला ताईनं बघायला हवं गं," काकू म्हणायच्या. "मी तिला कधीही बघेन, माझे डोळे धड आहेत. पण तिनं मला बघायला नको का? नऊ वर्षं झाली."

रिटायर झाल्यावर परत जायचं हे ठरलेलंच होतं. मग काकांनी त्यात एक दुरुस्ती केली: पुस्तक पुरं झालं की. देवासमोर उभं राहून कबूल केलं होतं म्हणे. काकूंनी मानलं, कारण तेव्हा राजा अठ्ठावीस वर्षांचा झाला होता आणि छत्तिसाव्या वर्षी मरतो हे त्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांचं आयुष्य लिहायला वेळ तो किती लागणार?

"मग तुम्ही एकट्या पुढे जा ना," मी म्हटलं.

"मी गेले की हे इथेच राहणार. मला माहीत आहेत हे. दोघांनी जायचं."

मी आले की काकू पहिल्यांदा हेच विचारायच्या, "कुठवर आला?" राजा कुठवर आला. मी सांगायची, "बेंडरलाच आहे." एक वर्ष तो बेंडरलाच होता. पुढे तुर्कांनी घराला वेढा घालून त्याला उचलून नेलं, तेव्हा काकूंनी शिरा केला. पण त्यानंतर राजा आजारपणाचं सोंग घेऊन महिनोन्महिने अंथरुणातच पडून राहिला, आणि काका तो एकेक दिवस लिहू लागले.

"झोपलेल्या माणसाचं काय लिहितायत?" काकूंनी मला विचारलं.

"उशांबद्दल चाललंय," मी म्हटलं.

त्याच सुमारास गणपतीच्या कार्यक्रमात काकांना दहा मिनिटं दिली गेली. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, मुली नऊवारी नेसून पडद्यामागे नाचाला तयार. काका उभे राहिले आणि चाळीस माणसांनिशी राजा हजारो तुर्कांशी कसा लढला ते सांगू लागले. दहाची पंचवीस मिनिटं झाली. पडद्याआडून एक मुलगी "मॉम, आय हॅव टु गो टु द बाथरूम" म्हणाली ते सगळ्यांना ऐकू आलं. मागून एकजण ओरडला, "काका, आपल्या महाराजांबद्दल बोला की! स्वीडन कशाला?"

हशा पिकला. काका थांबले. चिडले नाहीत. म्हणाले, "महाराज आग्र्याहून परत आले. जो परत आला त्याच्याबद्दल मला काही विचारायचं नाही. सगळं सरळ आहे. हा गेला नाही. वाट मोकळी होती, घोडा होता, आई नव्हती पण बहीण वाट बघत होती. तरी गेला नाही. का गेला नाही?"

उत्तर सांगतील म्हणून लोक थांबले. काकांनी माइक खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. कुणाला काही समजलं नाही. टाळ्या वाजवायच्या की काय हेही समजेना. मी शेजारी बघितलं तर काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, आणि पर्समध्ये रुमालाशिवाय काही नव्हतं.

अखेर राजा नॉर्वेच्या खंदकात पोचला. मला वाटलं, आता महिनाभर. पण खरं काम तिथून सुरू झालं. गोळी डावीकडून आली की उजवीकडून, यावर कुणी मारलं ते ठरणार होतं, आणि काका इंजिनियर. त्यांनी लोकांच्या जुन्या सामानाच्या गराज-सेलमधून फेल्टच्या टोप्या आणायला सुरुवात केली. गराजच्या तुळईपासून एक लांब नळी उभी लावली, खाली टोपी ठेवली, आणि शिडीवर चढून ते वरून बेअरिंगच्या जड गोळ्या सोडायचे. मग कॅलिपर. शेजारची म्हातारी बाई दोनदा चौकशी करून गेली. काकूंनी तिला सांगितलं, "ही मेक्स हॅट्स." तिनं एक विकत मागितली.

स्वीडनमध्ये असंही बोलतात की राजाला शिशाच्या गोळीनं मरण नव्हतं, म्हणून त्याच्याच कोटाचं पितळी बटण ओतून कुणीतरी त्याला मारलं. काकांना पितळी बटण हवं होतं. काकूंच्या थंडीच्या कोटाला पितळी बटणं होती. त्या हिवाळ्यात काकू गळ्याशी सेफ्टी पिन लावून हिंडल्या.

आणि राजा मरेना. मी त्याच्या मरणाचं प्रकरण सहा वेळा टाइप केलं. प्रत्येक वेळी तो खंदकात कोपर टेकून डोकं वर काढायचा, आणि तिथे काका थांबायचे. "इथे थांब. कोन तपासायला हवा." पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा चार दिवस मागे.

सप्टेंबरात मिरजेहून पत्र आलं. ताईंच्या शेजारणीनं लिहिलेलं, कारण ताईंना आता ओळी दिसत नव्हत्या. माणसं दिसत होती, उजेडात, जवळून. डॉक्टर आता म्हणत होते, दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. काकूंनी पत्र मला वाचायला दिलं, घडी घालून डब्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "तू टाइप करतेस ना ते?"

"हो."

"मग मार ना त्याला."

मला आधी कळलंच नाही.

"तू मार. दोन ओळी तर लागतात. हे सहाशे पानं सांगतात, तू दोन ओळी टाक. अगं, तो मेलाय! जगातल्या सगळ्या पुस्तकांत मेलाय. आमच्याच घरात कशाला जिवंत ठेवायचा?"

हे मी करायला नको होतं. टायपिस्टनं पदरचा मजकूर घालायचा नसतो, सात वर्षांत मी स्वल्पविरामही घातला नव्हता. पण दिवाळीला सात आठवडे होते. शुक्रवारी काका गराजमध्ये शिडीवर असताना मी सातव्यांदा ते प्रकरण घेतलं आणि शेवटी लिहिलं: "राजानं खंदकातून डोकं वर काढलं. गोळी आली आणि तो तिथेच मेला. कुणी मारलं हे माहीत नाही. इथे चरित्र संपलं." कार्बन लावून तीन प्रती काढल्या.

काका आत आले, हात पुसले, चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी पर्स घेऊन उभीच होते.

"हे मी सांगितलं?"

"नाही. मी लिहिलं."

"का?"

"काकूंना जायचंय, काका. ताईंची नजर जातेय. पुस्तक संपलं की जायचं म्हणालात ना तुम्ही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कुठल्या परक्या मुलखातली भाषा बोलतेय. "कोणत्या ताईंची?" ते म्हणाले. "ताईंना काय झालं?"

दोन वर्षं त्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. त्याच टेबलाशी, त्यांच्यासमोर. मी ऐकलंय. खोटं ते बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. राजाच्या एकेका बटणाचा ठावठिकाणा माहीत असलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं, ते कसं, याचा मला आजही पत्ता लागत नाही.

मग ते बसले आणि कागद फायलीत नीट लावला. फाडतील असं मला वाटलं होतं. म्हणाले, "वाक्य बरं आहे. 'कुणी मारलं हे माहीत नाही.' मला हे लिहायचा धीर होत नव्हता." त्यांनी फाइल मिटली. "पण यात राजा संपला. पुस्तक कुठे संपलं? त्याच्यामागे राज्याचं काय झालं ते राहिलंय. बहीण गादीवर बसली. ते किमान दीडशे पानं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. काकू हात पुसत दारात आल्या. काकांकडे त्यांनी बघितलंच नाही, मला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझं एक तिकीट बघ. एकच."

दहा दिवसांत तिकीट मिळालं. काकांनी अडवलं नाही. उलट बॅगा त्यांनीच बांधल्या, गाठी अशा की जहाज ओढावं. पत्त्याच्या चिठ्ठ्या ड्रॉइंगच्या सुबक अक्षरांत लिहिल्या. "मी मागून येतो," म्हणाले. काकू म्हणाल्या, "या." विमानतळावर मी सोडलं, काका हायवेवर गाडी चालवत नसत. काकू आयुष्यात पहिल्यांदा एकट्या विमानात बसत होत्या, पण रांगेत माझा हात धरून त्यांनी सांगितलं ते एवढंच, "फ्रीझरमध्ये बावीस डबे आहेत. ते संपेपर्यंत तू जात जा."

मी जात राहिले. मंगळवार आणि शुक्रवार. काका राजाच्या बहिणीचं सांगायला सुरुवात करायचे आणि अडायचे. काकूंचं पत्र त्यांना आलं होतं, पण त्यात कुकरला किती शिट्ट्या, कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी, एवढंच होतं. मला लिहिलेलं पत्र दिवाळीनंतर आलं. मंगळवार होता, म्हणून मी ते तसंच घेऊन गेले.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचलं. प्रवास बरा झाला. घर गळतंय, माणूस लावलाय. मग काकूंनी लिहिलं होतं: "ताईला दिसतंय अजून. मला खिडकीशी उजेडात नेलं, तोंड अगदी जवळ आणलं आणि म्हणाली, 'अगं, केस किती पांढरे झाले गं तुझे.' मग दोघी रडलो. वेळेवर आले."

काकांनी हात वर करून मला थांबवलं. डिक्टेशन थांबवताना करायचे तसा.

"पुन्हा वाच."

मी तेवढंच पुन्हा वाचलं.

त्यांनी खिशातला कॅलिपर काढला, उघडला, मिटला आणि टेबलावर ठेवला. दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बघितलं. मग मला विचारलं, "तिचे केस पांढरे झालेत?"

"हो, काका," मी म्हटलं. "मी पहिल्यांदा आले तेव्हाच पांढरे होते."